पोटाची फाइल, बाळाचं कार्ड

ठाणे पूर्वेच्या कोपरीतल्या एखादीला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असला आणि तिला दिवस राहिले, की तिच्या कपाटात दोन वेगळे गठ्ठे तयार होतात. पहिला पोटाच्या डॉक्टरांचा. कोलोनोस्कोपीचे रंगीत फोटो, बायोप्सीचा रिपोर्ट, मेसालामाइनच्या चिठ्ठ्या. ही फाइल परळच्या केईएममध्ये, सायनला किंवा ठाणे पश्चिमेतल्या एखाद्या खासगी गॅस्ट्रोकडे वर्षानुवर्षं जाड होत गेलेली असते. दुसरा कागद म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. ते नाव नोंदवलं त्या दिवशी पालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा आरोग्य केंद्रात हातात पडतं. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी ते कार्ड पाहिलेलं नसतं आणि प्रसूतिगृहात कोणी ती फाइल उघडलेली नसते. या आजारात बाळंतपणात जे बिघडतं, त्यातलं बरंचसं औषधांमुळे नाही तर या दोन कागदांची गाठ न पडल्यामुळे बिघडतं, असं माझं मत आहे.

आधी आजार थोडक्यात. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते आणि तिथे सूज धरते, जखमा होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात असतो. गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो, त्याचं मुख्य लक्षण रक्तमिश्रित आंव आणि घाईची लागणं. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त. तो आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो, आतडं अरुंद करतो, कधी भगंदर करतो. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा क्षय यांची इतकी गल्लत होते, की अनेकांना आधी टीबीची औषधं देऊन पाहिली जातात. क्षयाचा हा धागा पुढे बाळाच्या लसीपाशी पुन्हा येणार आहे. दोन्ही आजार बहुधा ऐन विशी-तिशीत उद्भवतात, म्हणजे लग्नाच्या आणि मुलांच्या वयात.

आता मुख्य प्रश्न. लघवीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या की पहिला सल्ला घरातूनच येतो. "अगं, आता कसल्या गोळ्या? बाळाला लागतील." कोपरी कॉलनीतल्या सिंधी घरापासून चेंदणी कोळीवाड्यापर्यंत सासूबाई, आई, शेजारच्या काकू यांचं यावर एकमत असतं. त्यामागे माया असते, सल्ला मात्र उलटा आहे. बाळाला खरा धोका असतो तो पेटलेल्या आजाराचा. आतडं सुजलेलं असताना रक्त जातं, प्रथिनं गळतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, शरीरभर दाहाची रसायनं फिरत असतात. गर्भपात, मुदतीआधी प्रसूती, कमी वजनाचं मूल हे सगळे धोके अशा वेळी वाढतात. आजार शांत असेल तर गरोदरपण बहुतेक वेळा चारचौघींसारखंच पार पडतं.

डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा यातूनच आला आहे. आजार शांत असताना दिवस राहिले तर नऊ महिन्यांत तो उसळण्याची शक्यता साधारण तीनात एक, म्हणजे एरवी वर्षभरात जितकी असते जवळपास तितकीच. पण उसळलेल्या आजारात दिवस राहिले तर साधारण एक तृतीयांश बायकांना बरं वाटतं आणि बाकीच्या दोन तृतीयांशांचा आजार तसाच राहतो किंवा वाढतो. म्हणून सल्ला असा, की किमान तीन ते सहा महिने, तेही स्टेरॉइडशिवाय, आजार शांत राहिला की मगच मुलाचा विचार करावा. "शांत" याचा अर्थ बाईला बरं वाटतंय एवढाच नाही. शौचाच्या तपासणीतलं कॅलप्रोटेक्टिन उतरलेलं असावं, शक्य असेल तर दुर्बिणीनेही आतडं भरून आल्याचं दिसावं. ही भेट लग्न ठरल्यावर किंवा मूल हवंसं वाटल्यावर लगेच व्हायला हवी. आपल्याकडे ती सहसा तिसऱ्या महिन्यात होते.

नवऱ्यालाच कोलायटिस असेल तर त्यालाही एक गोष्ट सांगायला हवी. सल्फासलाझीन या जुन्या आणि स्वस्त गोळीने पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल घटते. गोळी बदलली की दोन-तीन महिन्यांत सगळं पूर्ववत होतं. तोवर दोष मात्र बायकोच्या माथी मारून झालेला असतो.

आता औषधं एकेक करून पाहू. मेसालामाइन ही कोलायटिसची रोजची गोळी. ती चालू ठेवायची, एनिमा किंवा सपोझिटरीसुद्धा. सल्फासलाझीनही चालते, फक्त ती फोलिक अ‍ॅसिडचं शोषण अडवते. त्यामुळे तिच्यासोबत रोज 2 मिलिग्रॅम तरी फोलिक अ‍ॅसिड लागतं, आणि पहिल्या तिमाहीत सरकारी केंद्रात मिळणारी 400 मायक्रोग्रॅमची गोळी इथे पुरत नाही. अ‍ॅझाथायोप्रिन आधीपासून चालू असेल आणि मानवत असेल तर ती सुरू ठेवतात. गरोदरपणात नव्याने मात्र सहसा सुरू करत नाहीत, कारण तिचा परिणाम दिसायला महिने लागतात आणि काहींना स्वादुपिंडाला सूज येते.

प्रेडनिसोलोनचं नाव काढलं की सगळे दचकतात. वारेत एक विकर आहे, ते हे स्टेरॉइड निष्क्रिय करून टाकतं. त्यामुळे आईच्या रक्तातल्या मात्रेचा साधारण दहावा हिस्साच बाळापर्यंत पोहोचतो. आजार उसळला तर ते द्यावंच लागतं. मात्र ते देताना साखर आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि वर्षभर ते खात बसणं हे उपचार नव्हेत.

खरोखर बंद करायची औषधं थोडीच आहेत, पण त्यांत तडजोड नाही. पहिलं मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी गर्भाला थेट इजा करते, म्हणून किमान तीन महिने आधी ती थांबवतात. ती चालू असतानाच दिवस राहिले तर गोळी त्याच दिवशी बंद करायची, फोलिक अ‍ॅसिडचा जास्त डोस सुरू करायचा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठायचं. पुढे काय करायचं हे सोनोग्राफी आणि सल्लामसलत यांनंतर ठरतं, फोनवरून नव्हे. दुसरा गट टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब यांचा. टोफासिटिनिबच्या गोळ्या आता आपल्याकडे स्वस्तात मिळतात, त्यामुळे तरुण मुलींच्या चिठ्ठीतही दिसतात. म्हणून लग्नाळू मुलीला ही गोळी लिहून देताना गर्भनिरोधाचं बोलणं तिथल्या तिथे व्हायला हवं. "पुढच्या वेळी बघू" म्हणून चालत नाही.

मग उरतात इंजेक्शनं. इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब आणि त्यांच्या नंतर आलेली वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब. इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण बाळाच्या लसीचं सगळं गणित यावर आहे. ही औषधं म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं, आयजीजी जातीची. रेणू एवढा मोठा, की तो वारेतून आपोआप झिरपत नाही. पण वारेत एक खास प्रथिन असतं. ते आईच्या रक्तातली प्रतिपिंडं हमालासारखी उचलून पलीकडे बाळाच्या रक्तात पोहोचवतं. निसर्गाने ही सोय केली ती आईची प्रतिकारशक्ती बाळाला मिळावी म्हणून. कोणतं प्रतिपिंड आईचं आणि कोणतं कारखान्यातलं, हे त्या प्रथिनाला कळत नाही. पहिल्या तिमाहीत, म्हणजे बाळाचे अवयव घडत असताना, ही वाहतूक जवळजवळ बंद असते. दुसऱ्या तिमाहीपासून ती सुरू होते आणि शेवटच्या आठवड्यांत जोरात चालते. म्हणूनच जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात या औषधाचं प्रमाण आईपेक्षाही जास्त सापडू शकतं आणि ते उतरायला सहा महिने, कधी वर्षही लागतं.

मग इंजेक्शन थांबवावं का? पूर्वी सातव्या महिन्यात थांबवत. अमेरिकेत डॉ. उमा महादेवन यांच्या नेतृत्वाखाली पियानो नावाचा मोठा अभ्यास झाला आणि सुमारे दीड हजार गरोदरपणांचा हिशेब 2021 साली प्रसिद्ध झाला. या इंजेक्शनांमुळे बाळांत जन्मजात व्यंगं वाढलेली दिसली नाहीत आणि पहिल्या वर्षात गंभीर जंतुसंसर्गही वाढलेला दिसला नाही. वाईट परिणाम जोडलेले दिसले ते आजार उसळण्याशी. त्यामुळे आता शेवटपर्यंत इंजेक्शन चालू ठेवण्याकडे कल आहे. शेवटच्या डोसची तारीख मात्र डॉक्टर प्रसूतीची तारीख पाहून बसवतात.

नऊ महिन्यांत लक्ष कशावर ठेवायचं? पहिली फसगत मूळव्याधीची. गरोदरपणात बद्धकोष्ठ आणि मूळव्याध सर्रास होते, त्यामुळे शौचातून रक्त दिसलं की "दिवसांत होतंच असं" म्हणून सोडून दिलं जातं. मूळव्याधीचं रक्त सहसा शौचानंतर लालभडक थेंबांसारखं, शौचापासून वेगळं दिसतं. कोलायटिसचं रक्त आंवेत मिसळलेलं असतं आणि सोबत मुरडा, रात्री उठून जावं लागणं, वारंवार घाई असते. दुसरी फसगत लाल गोळीची. केंद्रात गरोदर बायकांना लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची लाल गोळी रोज एक, 180 दिवस घ्यायला देतात. तिने शौच काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण सुजलेल्या आतड्याला ती गोळी कधी मुळीच झेपत नाही. पोट बिघडतं आणि हिमोग्लोबिनही वाढत नाही. अशा वेळी पहिली तिमाही उलटल्यावर लोह शिरेतून देता येतं. गोळ्या घेते असं खोटं सांगून त्या पुडीतच ठेवण्यापेक्षा हे बोलून दाखवलेलं बरं.

तपासण्यांचंही असंच. गरोदरपणात हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन एरवीही उतरतात, ईएसआर वाढतो. त्यावरून आजार उसळला की नाही हे नीट कळत नाही. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन मात्र गरोदरपणाने फारसं बदलत नाही, म्हणून ते भरवशाचं. सोनोग्राफीने आतड्याची जाडी पाहता येते. गरज पडली तर खालच्या आतड्याची छोटी दुर्बिणीची तपासणीही भूल न देता करतात. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात. पोटदुखीवर केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. त्यांनी कोलायटिसही भडकतो आणि गरोदरपणातही ती नकोत. मात्र उच्च रक्तदाबाच्या धोक्यासाठी बाराव्या आठवड्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांनी कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन लिहून दिलं, तर ते कोलायटिसच्या भीतीने फेकून देऊ नये.

आजार उसळून दाखल व्हायची वेळ आली तर आणखी एका गोष्टीची आठवण नातेवाइकांनी करून द्यावी. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आतड्याच्या दाहातही वाढते आणि पलंगावर पडून राहिल्यानेही. तिन्ही एकत्र आल्यावर पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून हेपारिनची इंजेक्शनं देतात. शौचातून रक्त जात असताना रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन कसं देता, म्हणून घरची माणसं हुज्जत घालतात. प्रश्न स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा ते इंजेक्शन द्यायलाच हवं असतं.

प्रवासाचं कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. कोपरीहून परळ किंवा सायनला जायचं म्हणजे ठाण्याहून स्लो लोकल, अर्धा ते पाऊण तास, आणि लोकलमध्ये शौचालय नसतं. दिवसाला सहा-सात वेळा जावं लागणाऱ्या बाईने सकाळच्या ओपीडीच्या वेळेला ही गाडी पकडायची म्हणजे उपाशी राहण्याचाच मार्ग तिला सुचतो, आणि सातव्या महिन्यात ते परवडणारं नाही. गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजार शांत असेल तर दर वेळी परळ गाठायची गरज नसते. नेहमीची तपासणी कोपरीत, गुंतागुंत वाटली तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि गॅस्ट्रोची भेट तिमाहीला एकदा, अशी वाटणी दोन्ही डॉक्टरांना विचारून करता येते. सरकारच्या सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला विशेष तपासणी असते आणि जोखमीच्या गरोदरपणाच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. आपल्या कार्डावर तो लावून घ्यायला संकोच करू नये.

बाळंतपण नॉर्मल होईल का, हा प्रश्न सगळ्या विचारतात. बहुतेकींचं होतं. क्रोन्सने गुदद्वाराजवळ चालू जखमा किंवा भगंदर असेल तर सिझेरियन सुचवतात. मोठं आतडं काढून आतून पिशवी तयार केलेली असेल तरीही त्याचा विचार करतात, कारण त्या बाईचा शौचावरचा ताबा नंतर गुदद्वाराच्या स्नायूंवरच अवलंबून असतो. बाकी सिझेरियन करायचं की नाही, ते बाळंतपणाच्या नेहमीच्या कारणांवरून ठरतं.

आता बाळाचा पहिला दिवस. वॉर्डात परिचारिका ट्रे घेऊन येते. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात जन्मल्यावर तीन गोष्टी असतात: बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हेपेटायटिस बी. बीसीजी डाव्या दंडावर कातडीच्या आत टोचतात, अवघा 0.05 मिलिलिटर. टोचल्यावर तिथे मुगाच्या डाळीएवढा फुगवटा येतो आणि काही आठवड्यांनी छोटी पुळी होऊन व्रण उरतो. बाळ घरी जाण्याआधी हे झालेलं असावं, याबद्दल आपली यंत्रणा फार दक्ष आहे आणि एरवी ते कौतुकाचंच आहे. पण बीसीजी ही जिवंत जंतूंची लस. बाळाच्या रक्तात आईचं इन्फ्लिक्सिमॅब फिरत असेल तर ज्या रसायनाच्या जोरावर शरीर क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवतं, तेच रसायन त्या औषधाने बांधून ठेवलेलं असतं. ब्रिटनमधल्या एका बाळाची हकिकत 2010 साली वैद्यकीय नियतकालिकात आली. आईला क्रोन्ससाठी गरोदरपणभर इन्फ्लिक्सिमॅब दिलेलं होतं, बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी टोचलं गेलं आणि लसीतलेच जंतू अंगभर पसरून ते साडेचार महिन्यांचं असताना दगावलं. तेव्हापासून सल्ला स्पष्ट आहे. आईला गरोदरपणात अशी इंजेक्शनं दिली असतील तर बीसीजी किमान सहा महिने पुढे ढकलायचं. काही डॉक्टर वर्षाच्या आसपासपर्यंत थांबतात. आपल्या वेळापत्रकातही बीसीजी पहिल्या वाढदिवसापर्यंत देता येतं, त्यामुळे लस हुकली असं होत नाही.

ही गोष्ट तोंडी सांगून भागत नाही. ज्या परिचारिकेला सांगितलं ती दुपारी दोनला घरी जाते, बाळ मात्र रात्री तिथेच असतं. गॅस्ट्रोच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्याव्यात: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, "बीसीजी अमुक तारखेपर्यंत देऊ नये" आणि सही-शिक्का. तो कागद कार्डाला स्टेपल करावा आणि त्याची एक प्रत बाळाच्या केसपेपरला लावावी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत असल्यामुळे हा कागद जास्तच लागतो. सातव्या महिन्यात ती जळगावला किंवा साताऱ्याला जाते आणि तिथल्या कोणाला इन्फ्लिक्सिमॅबची माहितीच नसते.

बीसीजी लांबवणं फुकटात पडत नाही. तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून हीच लस वाचवते आणि आपल्या वस्तीत क्षय आहेच. म्हणून घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्याची थुंकी आधी तपासून घ्यावी. पोलिओचे थेंबही जिवंत विषाणूंचे. त्यांच्याऐवजी पोलिओचं इंजेक्शन देण्याचं बालरोगतज्ज्ञ अशा वेळी सुचवतात. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या रोटाव्हायरसच्या थेंबांबद्दल मत आता सैल होत चाललं आहे. तो निर्णय बालरोगतज्ज्ञांवर सोडावा. हेपेटायटिस बी, पेंटाव्हॅलंट या लसींत जिवंत जंतू नाहीत, त्या वेळच्या वेळीच द्यायच्या. आणि आई फक्त मेसालामाइनवर असेल तर यातलं काहीच बदलायचं नाही. बाळाला बीसीजी पहिल्या दिवशी बिनधास्त द्यावं. कोलायटिसचं नाव ऐकून लस अडवली गेली, तर तेही नुकसानच.

अंगावर पाजायचं का? पाजायचं. मेसालामाइन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि ही इंजेक्शनं दुधात फार थोडी उतरतात. इंजेक्शनातलं प्रतिपिंड हे प्रथिन असल्यामुळे बाळाच्या पोटात पचूनही जातं. मेसालामाइनने क्वचित एखाद्या बाळाला पातळ शी होते, एवढं लक्षात ठेवावं. प्रेडनिसोलोनची मात्रा 20 मिलिग्रॅमच्या वर असेल तर गोळीनंतर चार तास थांबून पाजावं, असं काही डॉक्टर सांगतात. मेथोट्रेक्सेट आणि टोफासिटिनिब मात्र पाजतानाही नकोत. इंजेक्शनचा पुढचा डोस नॉर्मल प्रसूतीनंतर साधारण 24 तासांनी आणि सिझेरियननंतर 48 तासांनी, जंतुसंसर्ग नसेल तर, देता येतो. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण बाळंतिणीचा आजार उसळतो तो बहुधा "पाजतेय ना, मग नको" म्हणून औषध सोडल्याने.

बाळंतिणीचं खाणं हा आपल्याकडे वेगळाच अध्याय. दूध यावं म्हणून मेथीचे लाडू, मेथीची खीर, हळिवाचे लाडू, डिंक, बाळंतशेपा. यातली मेथी या बायकांनी सांभाळून घ्यावी. या आजाराच्या अमेरिकी मार्गदर्शिकेतही नाव घेऊन लिहिलं आहे, की मेथीने जुलाब वाढू शकतात आणि रक्तस्रावाची शक्यता वाढते. शिवाय मेथीने सुरू झालेले जुलाब हे आजाराचे समजून उगाच स्टेरॉइड सुरू होण्याची भीती असते. आईने मायेने केलेला लाडू सगळाच नाकारायची गरज नाही. मेथी वगळून डिंक-खोबऱ्याचा करता येतो, पोटाला सोसेल तेवढाच खावा. उलटं टोकही वाईट. "आतडं नाजूक आहे" म्हणून सव्वा महिना मऊ भात आणि तूप यांवर ठेवलेली बाळंतीण रक्तही भरून काढत नाही आणि तिला पुरेसं दूधही येत नाही. आजार शांत असेल तर डाळ, अंडी, मासे, दही, शिजवलेल्या भाज्या सगळं चालतं. शेवटचं लहान आतडं शस्त्रक्रियेत काढलेलं असेल तर बी-12ची इंजेक्शनं चालू ठेवायची, कारण ते शोषून घेणारी जागाच उरलेली नसते.

दवाखान्यातून सुटी मिळताना पाळणा लांबवण्याचं विचारतात. त्या वेळीही आजाराचं नाव सांगावं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, आजार चालू असताना तर त्या नकोच. क्रोन्सने लहान आतडं बिघडलं असेल तर तोंडाने घेतलेली गोळी नीट शोषलीही जात नाही. तांबी चालते, पण पाळीत रक्त जास्त जातं, त्यामुळे आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईसाठी हार्मोनची तांबी बरी. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने हाडं थोडी विरळ होतात, म्हणून ज्यांनी बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलं आहे त्यांनी ते घेण्याआधी गॅस्ट्रोला विचारून घ्यावं.